सह्याद्रीच्या माथ्यावर थंड देशांची फळझाडे

वैशाखातल्या दुपारी मुंबईहून निघालेली आगगाडी कर्जत सोडून बोरघाट चढू लागते, बोगद्यांमागून बोगदे जातात आणि खंडाळा मागे टाकून ती लोणावळ्याच्या फलाटाला लागते, तेव्हा घामाने भिजलेल्या उतारूच्या अंगाला जो वारा लागतो, त्याचे वर्णन करण्याचे कारण नाही. तो ज्याने अनुभवला त्याच्या मनात एक विचार हटकून येतो. हवा इतकी गार, डोंगर इतके उंच. मग येथे सफरचंद का पिकू नये? जर्दाळू, शप्ताळू, नासपाती, आलुबुखार ही थंड देशांची मेवामिठाई येथल्या बंगल्याच्या आवारात का लागू नये? आणि ज्याच्या पदरी लोणावळ्यास थोडीबहुत जागा आहे, असा हौशी गृहस्थ एखाद्या हिवाळ्यात उत्तरेकडील रोपवाटिकेतून चारदोन कलमे मागवितोही.

हा विचार दोनशे वर्षांचा जुना आहे. मराठी राज्य बुडाल्यावर जे साहेबलोक पुण्यास येऊन राहिले, त्यांच्या मनात तो प्रथम आला. त्यापायी सरकारी तिजोरीतून पैसा खर्च झाला, बागा उभ्या राहिल्या आणि मोडल्याही. त्या उद्योगाचा इतिहास मनोरंजक आहे, आणि आज रोप विकत घेणाऱ्याच्या तो थेट उपयोगी पडणारा आहे.

प्रथम भूमी पाहू. मावळ म्हणजे सह्याद्रीच्या धारेपासून पूर्वेस उतरत जाणाऱ्या खोऱ्यांचा मुलूख. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ ही नावे शिवकालापासून मराठी कानांना परिचित आहेत. लोणावळे समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंच. तेथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत दीडशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. तोच पाऊस वडगाव-तळेगावाकडे येईतो तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येतो. म्हणजे पंधरावीस मैलांच्या अंतरात दोन निराळे देश नांदतात. पश्चिमेकडे धुके, शेवाळ आणि करवंदी-जांभळीची रानें. पूर्वेकडे भाताची खाचरे संपून बाजरीची व भुईमुगाची शेते.

या मुलखाला फळझाडांचे वावडे कधीच नव्हते. आंबा, फणस, जांभूळ, आळू, तोरणे, करवंद हे त्याचे स्वतःचे धन. फळझाड वाढविणे हे पिढीचे काम आहे, याचीही जाण येथे जुनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी जो मजकूर आहे, तो या दृष्टीने फार मार्मिक आहे. आंबा, फणस यांचे लाकूड उपयोगाचे खरे, पण त्यांना हात लावू नये. कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी बहुत काळ जतन करून वाढविलेली असतात, असा त्याचा आशय. अठराव्या शतकाच्या आरंभी एका राज्यकर्त्याने लिहिलेली ही गोष्ट झाड लावणाऱ्याने मनात बाळगावी अशी आहे. चुकीचे बी पेरले तर एक हंगाम जातो. चुकीचे झाड लावले तर आठदहा वर्षे जातात.

आता साहेबांकडे वळू. १८१७ च्या खडकीच्या लढाईत दापोडीहून पलटण घेऊन येणारा कॅप्टन फोर्ड वाचकांस ठाऊक असेलच. पेशव्यांच्या चाकरीतील पलटणीचा हा अंमलदार ऐन वेळी इंग्रजांस जाऊन मिळाला. मुळा-पवनेच्या काठी त्याचा ऐसपैस बंगला होता. पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो सरकारासाठी विकत घेतला आणि १८२८ साली त्याच्या आवारात सरकारी वनस्पतिबाग सुरू केली. याच माल्कमच्या कारकिर्दीत १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि महाबळेश्वरास माल्कमपेठ वसली. रस्ता, थंड हवेचे ठाणे आणि बाग या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून दोनतीन वर्षांत व्हाव्यात, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. परमुलखात दीर्घकाळ राहावयाचे ठरले की माणसाला स्वतःच्या देशाची हवा, पाणी आणि फळ यांची ओढ लागते. बाबराने हिंदुस्थान जिंकला, पण काबूलचे खरबूज कापताना त्याच्या डोळ्यांत पाणी आले, असे त्याने स्वतःच लिहून ठेविले आहे. आणि आग्र्याच्या बागेत द्राक्षे व खरबुजे पिकल्याचा त्यास झालेला आनंदही त्याच्या आत्मवृत्तात नमूद आहे. मुंबई सरकारचे इंग्रज अंमलदार बाबराइतके मोकळ्या मनाचे नव्हते, पण ओढ तीच होती.

दापोडीच्या बागेचे पहिले अधिकारी डॉ. विल्यमसन, त्यांच्या मागून डॉ. लश, आणि १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन. तिघेही पेशाने डॉक्टर. त्या काळी वनस्पतिशास्त्र हे वैद्यकाचेच एक अंग समजले जाई. गिब्सन हा स्कॉटलंडचा, १८०० साली जन्मलेला. पूर्वी देवी टोचण्याच्या कामावर दख्खन व खानदेश त्याने पायाखाली घातला होता, त्यामुळे येथील माती, पाऊस आणि माणसे यांची त्यास चांगली माहिती होती. त्याने दापोडीच्या जोडीला जुन्नराकडे नारायणगावाजवळ हिवरे येथे दुसरी बाग चालविली. तेथे लष्करी दवाखान्यांस लागणाऱ्या सोनामुखीसारख्या औषधी वनस्पती पिकविल्या जात. परदेशी झाडे व बियाणे आणून वाढवावे आणि ते अंमलदार, जमीनदार व बागाईतदार यांस वाटावे, हा या बागांचा मुख्य हेतू. १८४७ नंतरच्या तीन वर्षांत गिब्सनने एका हिंदी-पोर्तुगीज चित्रकाराकडून या बागांतील झाडांची सुंदर रंगीत चित्रे काढवून घेतली. ती आज एडिंबरोच्या शाही वनस्पतिबागेच्या संग्रही आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेविले नाही. साहेबांच्या टिपणांत झाडाचे लॅटिन नाव अचूक असते आणि ज्याने ते झाड कागदावर जिवंत केले त्याचे नाव नसते, ही त्या काळाची रीत.

रोप आणणे हे त्या काळी फार बिकट होते. सफरचंदाचे बी पेरून आईच्या गुणाचे झाड होत नाही. बियांतून उगवलेले दर झाड निराळे, आणि बहुधा आंबट व बारीक फळाचे. म्हणून कलमच आणावे लागते. इंग्लंडात हिवाळ्यात पाने झडून निजलेले कलम उपटून शिडाच्या जहाजात घातले, तर आफ्रिकेस वळसा घालून मुंबई गाठण्यास चार-पाच महिने लागत. वाटेत दोनदा उष्ण कटिबंध. जहाजाच्या अंधाऱ्या पोटात ते झाड उबेने जागे होई, फिकट कोंब टाकी आणि किनारा दिसण्यापूर्वीच मरून जाई. लंडनचे डॉ. वॉर्ड यांनी काचेची बंद पेटी काढली आणि १८३३ साली तिच्यातून रोपे ऑस्ट्रेलियापर्यंत जिवंत पोहोचली, तेव्हापासून हे संकट पुष्कळ कमी झाले. पेटीतल्या मातीतून उडालेली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीतच उतरे, त्यामुळे खाऱ्या वाऱ्यापासून बचाव होऊन पाणी घालण्याचेही कारण पडत नसे. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर तर प्रवासच आठवड्यांवर आला.

पण रोप जिवंत पोहोचविणे ही अडचणीची पहिली पायरी. खरी अडचण पुढे होती, आणि तिचे कारण त्या काळच्या विद्वान माळ्यांनाही नीट उमगलेले नव्हते.

थंड देशाचे फळझाड शिशिरात पाने टाकते, हे सर्वांस दिसते. ते केवळ थंडीला भिऊन निजते असे नाही. निजण्यापूर्वी त्याच्या डोळ्यांत, म्हणजे ज्यांतून पुढे फूल आणि पान फुटावयाचे त्या कळ्यांत, वाढ रोखणारी द्रव्ये साठतात. ही द्रव्ये थंडीनेच हळूहळू नाहीशी होतात. किती थंडी? साधारणपणे पारा गोठणबिंदूच्या वर परंतु ७ अंश सेल्सिअसच्या खाली असावा, आणि असे तास एकूण ८०० ते १२०० भरावेत, तेव्हा जुन्या जातीच्या सफरचंदाची झोप पुरी होते. झाड जणू हिवाळाभर तास मोजीत बसते. हिशेब पुरा झाला आणि ऊन वाढले की सारे डोळे एकदम फुटतात आणि झाड फुलांनी भरून जाते. हिशेब अपुरा राहिला तर झाड मरत नाही, आणि माणसाची फसगत होते ती येथेच. ते उशिरा, अर्धवट जागे होते. फांदीच्या टोकाला पानांचा झुबका येतो, खालची फांदी उघडी राहते, एखादे फूल आषाढात, एखादे आश्विनात. मालक म्हणतो, झाड लागले, आता पुढल्या वर्षी फळ धरेल. ते पुढले वर्ष येतच नाही.

मग लोणावळ्यास किती थंडी पडते? येथे आपल्या अंगाच्या अनुभवाने दिलेला निर्णय सपशेल चुकतो. आपण लोणावळ्यास थंड म्हणतो ते वैशाखातील हवेवरून. झाडाला वैशाखाशी कर्तव्य नाही. त्याचा हिशेब पौष-माघाच्या रात्रींचा. आणि हिवाळ्याच्या रात्री डोंगरमाथा खालच्या पठारापेक्षा पुष्कळदा उबदारच असतो. थंड हवा जड. ती रात्री उतारावरून ओघळून सखल भागांत साचते. शिवाय घाटमाथ्याला समुद्र जवळ. म्हणूनच साडेचार हजार फूट उंचीच्या महाबळेश्वरी पौषातला रात्रीचा सरासरी पारा पुण्याच्या खाली जात नाही, उलट बहुधा थोडा वरच राहतो. महाबळेश्वरास दव गोठल्याच्या बातम्या येतात त्या वेण्णा तलावाच्या सखल काठावरून. पुण्यात १९३५ च्या जानेवारीत पारा १.७ अंशापर्यंत उतरला होता. आणि महाराष्ट्रात हिवाळ्यात सर्वांत कडक थंडीसाठी ज्या गावाचे नाव दरवर्षी ऐकू येते ते निफाड नाशिकच्या मैदानात आहे, कोणत्याही डोंगरावर नाही. लोणावळ्यास थंडीच्या रात्री पारा दहा-बारा अंशांच्या आसपास घोटाळतो आणि दुपारी पुन्हा अठ्ठावीस-तीसपर्यंत चढतो. रात्री जे थोडे कमावले ते दुपारचे ऊन हिरावून घेते. हजार तासांचा हिशेब तेथे पुरा व्हावा कसा?

गिब्सनच्या पिढीला हे अंकगणित ठाऊक नव्हते. पण त्याच दख्खनमध्ये, त्यांच्या बागेच्या कुंपणापलीकडे, या कोड्याचे एक उत्तर शेकडो वर्षांपासून तयार होते. ते उत्तर मराठी माळ्याच्या हाती होते.

सुमारे १३४२ साली दौलताबादेस आलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता लिहून गेला आहे की या शहरी द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात. प्रवाशाच्या वर्णनात अतिशयोक्ती असते हे मान्य करूनही ही गोष्ट खरी मानावी लागते, कारण तिच्यामागची रीत आजही चालू आहे. तिला बहार धरणे म्हणतात. डाळिंब, संत्रे, मोसंबी, पेरू ही झाडे उष्ण प्रदेशात मोकळी सोडली तर बाराही महिने थोडी थोडी फुलतात आणि धड कोणताच हंगाम साधत नाही. म्हणून माळी त्यांना ताण देतो. दीड-दोन महिने पाणी तोडावयाचे. आळे उकरून मुळ्या उन्हाला उघड्या करावयाच्या, बारीक तंतुमुळ्या छाटावयाच्या. पाने पिवळी पडून गळू लागतात, झाड मेल्यासारखे दिसते. मग शेणखत घालून आळे भरावयाचे आणि बेताबेताने पाणी सोडावयाचे. पंधरावीस दिवसांत झाड अंगभर फुलते. पौष-माघात फुलविला तो आंबे बहार, मृगाच्या पावसावर धरला तो मृग बहार, हस्ताच्या सुमारास धरला तो हस्त बहार. उत्तरेकडे निसर्ग झाडाला थंडीने निजवितो. दख्खनमध्ये माळ्याने त्याला तहानेने निजविले. हे ज्ञान कोणत्या पोथीत लिहिलेले नव्हते. ते बापाकडून मुलाकडे कुदळीच्या दांड्यावरून आले. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी बागकामाच्या ग्रंथांत शप्ताळूच्या मुळ्या हिवाळ्याच्या आरंभी उघड्या कराव्यात अशी सूचना आढळते, ती याच देशी रिवाजाला धरून आहे.

या कलेने थंड देशांची दोन झाडे महाराष्ट्रात पक्की घरजावई झाली. पहिले द्राक्ष. थंड देशांत वेल हिवाळ्यात निजतो आणि वर्षातून एकदाच छाटला जातो. आपल्याकडे तो निजत नाही, म्हणून बागाईतदार त्याला दोनदा छाटतो. चैत्राच्या सुमारास खरड छाटणी. तिच्यावर नवी काडी तयार होते. आश्विनाच्या सुमारास गोड छाटणी. तिच्यावर घड येतात. माल माघ-फाल्गुनात, पावसाच्या फार आधी, घरात येतो. अलीकडे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटणीनंतर काडीला हायड्रोजन सायनामाइड हे तीव्र रसायन लावतात. थंडीने जे काम आठवडेच्या आठवडे करावयाचे ते हे औषध थोड्या दिवसांत उरकते. मात्र ते विषारी आहे, हातमोज्यांवाचून त्यास स्पर्श करू नये. दुसरे झाड अंजीर. त्याला थंडी फारच थोडी लागते. पुरंदर तालुक्यात सासवड-दिव्याच्या बाजूस त्याचे खट्टा आणि मीठा असे दोन बहार धरतात. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

मात्र ही दोन्ही झाडे स्थिरावली ती कोरड्या मुलखात, पर्जन्यछायेत. लोणावळ्यास ताण कसा देणार? ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत जेथे आभाळ फाटलेले असते, मुळ्या गारठ्यात आणि चिखलात कुजतात, पानांवर बुरशी चढते, तेथे कुदळीची करामत चालत नाही. थंडी अपुरी आणि पाणी अतोनात, असा हा दुहेरी अडथळा आहे. लोणावळ्याची कीर्ती अखेर फळाने झाली नाही, चिक्कीने झाली. आणि चिक्कीचा गूळ व शेंगदाणा दोन्ही कोरड्या मुलखाचे, हा एक गमतीचा भाग आहे.

दापोडीची बाग १८६५ च्या सुमारास मोडली. गव्हर्नरांचा निवास गणेशखिंडीस गेला आणि तेथे १८७३ साली नवी वनस्पतिबाग झाली. वुड्रो या अधिकाऱ्याने ती नावारूपास आणली. त्याचे बागकामावरील इंग्रजी पुस्तक पुढे वर्षानुवर्षे हिंदुस्थानातील बंगलेवाल्यांच्या टेबलावर असे. पण तोपर्यंत परिस्थितीच पालटली होती. १८५८ साली खंडाळा ते पुणे आगगाडी सुरू झाली, १८६३ साली बोरघाटाचा चढ खुला झाला. लोणावळे इंजिनांचे मोठे ठाणे बनले; त्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलेल्या भुशीच्या धरणावर आज पावसाळ्यात पर्यटकांची झुंबड उडते. आगगाडीने सफरचंदाचा प्रश्न निराळ्याच रीतीने सोडविला. जे फळ पिकविता येत नाही ते आणविता येऊ लागले. तशी सुरुवात त्याही पूर्वीची. १८३३ साली बोस्टनहून बर्फाचे पहिले जहाज कलकत्त्यास लागले, लवकरच मुंबईसही बर्फ येऊ लागला, आणि त्या बर्फाच्या आश्रयाने अमेरिकेची सफरचंदेही समुद्र ओलांडू लागली. थंड देशाचे झाड येईना, तेव्हा थंड देशाची थंडीच कापून भुशात बांधून आणली गेली! पुढे विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात डॉ. चिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शीतगृहाचे प्रयोग केले, तेव्हा त्या यंत्राच्या थंडीत त्यांनी ठेविला तो आंबा. आपल्या मातीचे फळ टिकवावे हे त्यांनी अधिक शहाणपणाचे मानले. गणेशखिंडीची ती बाग आज महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे आणि २०२० साली तिला जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले आहे.

त्याच काळात उत्तरेस काय झाले ते पाहिले म्हणजे फरक स्पष्ट होतो. १८७० च्या सुमारास कुलू खोऱ्यात बुंद्रोल येथे कॅप्टन ली याने विलायती सफरचंदांची बाग लावली. झाडे उत्तम वाढली, पण फळ आंबट. विलायती जिभेस रुचणारे, बाजारात फारसे न खपणारे. मग आले सॅम्युएल स्टोक्स. हा अमेरिकन तरुण सिमल्याजवळ कोटगढास स्थायिक झाला, पहाडी मुलीशी त्याने लग्न केले, असहकाराच्या चळवळीत तुरुंगात गेला आणि १९३२ साली हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद झाला. त्याने १९१६ साली अमेरिकेतील स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेच्या रेड डेलिशस या गोड जातीची रोपे आणून कोटगढास लावली. आज हिमाचलाचे जे सफरचंद पुण्या-मुंबईच्या बाजारात येते, त्याच्या वंशावळीचा मोठा भाग या एका खरेदीपाशी जाऊन पोहोचतो. स्टोक्सने झाड निवडताना दोन प्रश्न विचारले होते असे म्हणता येईल. माझ्या डोंगराची थंडी याला पुरेल काय, आणि याचे फळ येथला माणूस आवडीने खाईल काय? कॅप्टन लीच्या बागेत पहिल्याचे उत्तर होते, दुसऱ्याचे नव्हते. लोणावळ्याच्या हौशी मालकाने बहुधा पहिलाच प्रश्न विचारलेला नसतो.

गेल्या काही दशकांत मात्र या कथेस नवे वळण लागले आहे. थोड्या थंडीवर भागवून घेणाऱ्या सफरचंदाच्या जाती निघाल्या. इस्रायलात ॲना नावाची जात तयार झाली; बहामा बेटांत नासाव येथे डॉर्सेट गोल्डन सापडली. दोघींना दोन-तीनशे तासांच्या आसपास थंडी पुरते, आणि परागासाठी त्या एकमेकींच्या शेजारी लावतात. आपल्याकडे हिमाचलातील बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावी हरिमन शर्मा या शेतकऱ्याच्या परसात, खाऊन टाकलेल्या सफरचंदाच्या बियांतून उगवलेल्या एका रोपाने सखल भागात फळ धरले. त्याची कलमे एचआरएमएन-९९ या नावाने देशभर गेली, महाराष्ट्रातही आली, आणि शर्मा यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. बीजापासून आईच्या गुणाचे झाड होत नाही हे वर सांगितले. येथे तोच दोष कामी आला.

पनियाला जवळजवळ लोणावळ्याइतक्याच उंचीवर आहे, ही गोष्ट रोपे विकणारे आवर्जून सांगतात. ती खरी आहे, पण अर्धी. पनियाला उत्तर अक्षांश ३१ वर आहे आणि लोणावळे १९ च्याही खाली. उंची सारखी असली तरी माघातील रात्री सारख्या नाहीत. या जातींना थंडी थोडी लागते, याचा अर्थ मुळीच लागत नाही असा होत नाही. त्यांचे फळ मृगाच्या आधी, ज्येष्ठाच्या सुमारास तयार होते, हा त्यांचा खरा मोठा गुण. कारण त्यापुढे घाटमाथ्यावर पाऊस काहीच शिल्लक ठेवीत नाही.

जावा बेटाची हकीकत येथे उपयोगी पडते. पूर्व जावात बातू या डोंगराळ भागात, विषुववृत्तापासून आठ अंशांवर, सफरचंदाच्या मोठ्या बागा आहेत. थंडी तेथे पडतच नाही. फळ काढून झाले की तेथील माळी झाडाची सारी पाने हाताने ओरबाडून टाकतो. झाड गाढ निजण्यापूर्वीच असे नागवे झाले की डोळे पुन्हा फुटतात आणि वर्षाला दोन पिकेही निघतात. आपल्या बहाराचाच हा चुलतभाऊ. एकाने तहान वापरली, दुसऱ्याने पानगळ.

तेव्हा मावळात थंड देशांच्या फळांना जागा असलीच तर ती कोठे, याचे उत्तर लोणावळ्याच्या फलाटावर शोधू नये. ते पूर्वेस वडगाव-तळेगावाकडे, जेथे पाऊस आवरता आहे, निचरा आहे आणि खोऱ्याच्या तळाशी हिवाळ्यात रात्री गार हवा साचते, तेथे शोधावे. सफरचंद आणि शप्ताळू ज्या कुळातले, त्याच कुळातील गुलाब तळेगावच्या पुष्पोद्यानात आच्छादनाखाली वाढतो आणि माघात परदेशी रवाना होतो. तेथल्या माळ्याने पाऊस छपराने अडविला आणि झोप छाटणीने साधली. घाटावरच्या दोन्ही अडचणी त्याने अशा निकालात काढल्या. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवाल्यांची युक्ती याहून निराळी. ते थंड देशांतून मातृरोपे विकत आणतात, पावसाळ्यात ती माथ्यावर न ठेवता वाईकडच्या कोरड्या बाजूस वाढवितात, आणि भाद्रपद-आश्विनात पिल्ले वर नेऊन लावतात. अतिवृष्टीशी झुंजण्याऐवजी तिला वळसा घालतात.

ज्यास घाटावर हौसेने एखादे झाड लावावयाचेच आहे, त्याने पौष-माघात रोप घ्यावे. तेव्हाच उत्तरेकडून उघड्या मुळांची निजलेली कलमे येतात. जातीचे नाव लेखी मागावे. नुसते सफरचंद म्हणून जे विकले जाते ते घेऊ नये. तिला किती तास थंडी लागते हे विचारावे, आणि विक्रेत्यास ते सांगता आले नाही तर दुसरे दुकान पाहावे. साल नखाने किंचित खरवडून आत हिरवे आहे की नाही ते बघावे, कलमाचा सांधा पाहावा आणि मुळ्या सुकलेल्या नाहीत याची खात्री करून घ्यावी. ॲना घेतली तर डॉर्सेटही घ्यावी. खड्डा खोल करण्यापेक्षा माती उंच चढवून तिच्यावर रोप बसवावे, सांधा मातीच्या वर ठेवावा. आणि मृग लागण्यापूर्वी आळे मोडून पाण्याला उताराकडे वाट काढून द्यावी.